इंजिन तापलंय, थांबू की पुढचं लॉक गाठू?

फ्रान्सच्या कालव्यांवर होडी चालवणाऱ्या, किंवा चालवायचं मनात असलेल्या वाचकांचे प्रश्न येत राहतात. गावं बदलतात, गोंधळ मात्र तोच. त्यातले काही निवडून उत्तरं देतो.

प्रश्न : आम्ही पुण्याहून सहाजण कनाल दु मिदीवर आठवडाभर होडी भाड्याने घेणार आहोत. परवाना लागेल का?

भाड्याच्या होडीला नाही. कंपनी चालवून दाखवते आणि तात्पुरतं कार्ड देते. त्या वेळी फोटो काढत बसू नका. इंजिन बंद कसं करायचं आणि बिघाड झाला तर फोन कुठे करायचा, एवढं पक्कं विचारून घ्या.

प्रश्न : आम्ही लंडनला राहतो, होडी स्वतःची आहे. शांपेन ते बुर्गोन्य कालव्यात पाणगवत फार. थोडं अंतर गेलं की तापमानाचा काटा चढतो. शेजारच्या होडीवाल्याने थर्मोस्टॅट (इंजिनातल्या गरम पाण्याची वाट उघडणारी-मिटणारी झडप) काढून टाकायला सांगितलं. यांचं म्हणणं, सावकाश जाऊन पुढचं लॉक (होडीला वरच्या-खालच्या पातळीवर नेणारा दारांचा हौद) गाठू. काय करावं?

थांबावं. लगेच. या कालव्यावर २२४ किलोमीटरमध्ये ११४ लॉक आहेत, म्हणजे 'पुढचं लॉक' कायमच जवळ वाटतं. या जवळ वाटण्यानेच इंजिनं जातात.

आधी मागे जाऊन एक्झॉस्टकडे बघा. तुमच्या होडीचं इंजिन कालव्याचं पाणी ओढून घेत असेल, तर धुरासोबत तिथून पाणी उसळत बाहेर पडायला हवं. पाणी कमी झालंय, नुसती वाफ येतेय, आवाज कोरडा झालाय, यातलं काहीही दिसलं तर काटा काय सांगतो ते विसरा. काठाला लागा, इंजिन बंद करा. बांधायला लोखंडी खुंट्या आणि हातोडा होडीवर हवाच.

आता पाण्याचा रस्ता तपासा. पाणी आत घेण्याची तोटी बंद करा, गाळणीचं झाकण उघडा. तुमच्या वर्णनावरून आत हिरवा बोळा निघेल. तो काढा, झाकणाची रबरी रिंग नीट बसवा, तोटी उघडा. रिंग वाकडी बसली तर पंप पाण्याऐवजी हवा ओढतो आणि लोक उगाच पंपाला दोष देतात.

एवढं करूनही पाणी आलं नाही तर इंपेलर बघा. पंपातलं हे रबरी चक्र कोरडं फिरलं की मिनिटाच्या आतही फाटू शकतं. नवं बसवून मोकळे होऊ नका. जुन्याची पाती मोजा. जी कमी असतील ती बहुधा पुढे हीट एक्स्चेंजरच्या, म्हणजे इंजिनातलं गरम पाणी थंड करणाऱ्या कूलरच्या, तोंडाशी अडकलेली असतात. ती काढली नाहीत तर महिन्याने हेच पत्र मला पुन्हा येईल.

थर्मोस्टॅटला हात लावू नका. काही इंजिनांत तो काढला की गरम पाणी कूलरला वगळून आतल्या आतच फिरतं आणि ताप वाढतो. कूलंटचं झाकण इंजिन गरम असताना उघडायचं नाही. शिट्टी वाजणाऱ्या कुकरचं झाकण तुम्ही ओढता का?

गाळणी आणि इंपेलर ठीक असूनही काटा चढत असेल, तर पुढचं काम डिझेल मेकॅनिकचं. त्याला आजच फोन करा. आणि होडी भाड्याची असेल तर यातलं काहीच स्वतः उघडू नका. थांबा आणि कंपनीला कळवा.

प्रश्न : हिवाळ्यानंतर इंजिन दम टाकत बंद पडतं. डिझेलमध्ये टाकायची एक बाटली सगळे सुचवतात.

'सगळे' म्हणजे कोण? बाटली विकणारेही त्यातच असतील. युरोपातल्या साध्या डिझेलमध्ये ७ टक्क्यांपर्यंत बायोडिझेल असतं. अर्ध्या रिकाम्या टाकीत थंडीत पाणी जमतं आणि पाणी व डिझेल जिथे मिळतात तिथे जंतू वाढतात. टाकीच्या तळातून काचेच्या बरणीत नमुना काढा. खाली पाणी किंवा काळा चिकट साका दिसला तर आधी टाकी साफ, मग फिल्टर, औषध शेवटी. साका असताना औषध ओतलं तर मेलेला गाळ फिल्टरमध्येच जाऊन बसतो. टाकी मोठी असेल तर हे काम जाणकाराकडून करून घ्या.

प्रश्न : प्रोपेलरच्या दांड्याजवळ आत पाणी ठिबकतं. घाबरायचं का?

जुन्या पद्धतीचं पॅकिंग (दांड्याभोवती दाबून बसवलेली दोरी) असेल तर दांडा फिरताना मिनिटाला एक-दोन थेंब चालतात. धार चालत नाही, आणि हाताला चटका बसेल इतकं घट्टही नको. नव्या पद्धतीचं सील असेल तर एक थेंबही नको. कुठलं आहे ते कळत नसेल तर दाखवून घ्या.

प्रश्न : पंख्यात दोर अडकला, तर उडी मारून सोडवता येतो ना? मुलगा पट्टीचा पोहणारा आहे.

नाही. कालव्यात पोहायला मनाई आहे, तळाशी काय पडलंय ते दिसत नाही, आणि लेप्टो म्हणजे काय ते मुंबईकराला सांगायला नको. किल्ली काढून खिशात ठेवा. पंख्यावर उघडणारं झाकण असेल तर तिथून कापा. नसेल तर फोन करा.

प्रश्न : नेदरलँड्समध्ये एक जुनी पोलादी होडी बघितली. दलाल म्हणतो, इंजिन नुकतंच ओव्हरहॉल केलंय, सर्व्हेचा, म्हणजे तज्ज्ञाकडून होडी तपासून घेण्याचा, खर्च वाचवा.

ओव्हरहॉलची बिलं मागा. बिल नाही म्हणजे ओव्हरहॉल नाही, रंग दिलाय. बघायला जाल तेव्हा आधी इंजिनाला हात लावा. ते गरम असेल तर तुम्ही यायच्या आधी कुणीतरी चालू करून ठेवलंय. थंडीत ते कसं सुरू होतं हे तुम्हाला कळू नये म्हणून.

होडी पाण्याबाहेर काढून पत्र्याची जाडी अल्ट्रासाउंडने मोजून घ्या. बऱ्याच विमा कंपन्या किमान ४ मिलिमीटर मागतात, तेव्हा विसार देण्याआधी तुमच्या कंपनीला विचारा. सर्व्हेअर तुम्ही शोधा. दलालाच्या ओळखीचा नको.