उदारमतवादी ख्रिस्ती धर्मशास्त्र म्हणजे काय? त्याला विरोध का होतो?

बायबलमधली पाच भाकरी-दोन माशांची गोष्ट घ्या: एका पोराच्या तेवढ्याच शिदोरीत येशूनं हजारोंना जेवू घातलं. जालन्यात आमच्याकडे हा चमत्कारच मानतात. काही उदारमतवादी म्हणतात, त्या पोरानं शिदोरी सोडली ते बघून बाकीच्यांनीही आपापली सोडली. चमत्कार गेला, नीती उरली. धर्म असा आधुनिक विचाराशी जुळवून मांडणं म्हणजे उदारमतवादी धर्मशास्त्र. ही वाट जर्मनीत धर्मशास्त्रज्ञ श्लायरमाखरच्या १७९९ मधल्या पुस्तकापासून सुरू झाली.

तिच्यावर खरा घाव घातला स्विस धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्थनं. १९१४ मध्ये हार्नाकसह त्याच्या उदारमतवादी गुरूंनी जर्मनीच्या युद्धाचं समर्थन करणाऱ्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या आणि त्यांच्या धर्मशास्त्रावरचा त्याचा विश्वासच उडाला. काळाशी एवढं जुळवून घेणारा धर्म सत्तेला 'नाही' कसं म्हणणार? अमेरिकेत परंपरावादी धर्मशास्त्रज्ञ मेचेननं १९२३ साली तर उदारमतवाद हा ख्रिस्ती नव्हे, वेगळाच धर्म ठरवला. मला ते टोकाचं वाटतं. बायबलची ऐतिहासिक चिकित्सा बार्थनंही नाकारली नव्हती; त्याचे चाहते हे सोयीनं विसरतात.