इंच-मिलिमीटर करताना आकडा परत तोच का येत नाही? कोडमध्ये डबलऐवजी (आकडा बायनरीत ठेवणारा प्रकार) डेसिमल (दशांशात ठेवणारा) वापरू का?

डेसिमल घेतलंत तरी दुखणं बहुतेक तसंच राहील. २५.४ म्हणजे १२७ भागिले ५. उलट फिरलं की खाली १२७ येतो आणि त्याचा भागाकार दशांशात कधी संपत नाही. म्हणजे १ मिमीला इंचात नेलं की डेसिमललाही कुठंतरी तोडावंच लागतं.

आणि डबल बिचारा उगाच बदनाम आहे. ४० मिमीच्या आसपास त्याची चूक एका अणूच्या आकारापेक्षाही कितीतरी लहान असते. खरा चोर म्हणजे मधलं राउंडिंग.

मी बेळगावात उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या वर्कशॉपांसाठी जॉबकार्डचं (कामाची मापं लिहिलेल्या कार्डाचं) सॉफ्टवेअर लिहितो. परदेशी ड्रॉइंग इंचात येतं, ऑपरेटरचा मायक्रोमीटर मिमीतला. माझ्या पहिल्या व्हर्जनमध्ये दोन रकाने होते. कार्ड उघडून सेव्ह केलं की एका रकान्यात दिसणाऱ्या आकड्यावरून दुसरा काढून साठवायचा. बोअर (भोकाचा व्यास) होता १.५६२५ इंच, म्हणजे नेमके ३९.६८७५ मिमी. स्क्रीनवर दिसले ३९.६९. त्यावरून परत इंच काढले १.५६३, कारण तिथं मी तीनच दशांश ठेवले होते. त्याचे परत मिमी झाले ३९.७०. ऑपरेटर विचारतोय, "साहेब, काल एकोणसत्तर होतं, आज सत्तर कसं?" आकड्याला हात कुणीच लावला नव्हता. साडेबारा मायक्रॉन असेच वाढले, आणि बेअरिंगच्या बोअरला तेवढे पुरतात बघा.

आता मी लांबी नॅनोमीटरमध्ये, ६४ बिट पूर्णांकात ठेवतो. १९५९ पासून इंच म्हणजे बरोब्बर २५.४ मिमी, म्हणून १ इंच = २,५४,००,००० नॅनोमीटर. एक चौसष्टांश इंच ३,९६,८७५, तोही पूर्ण. आमचे जुने मिस्त्री अजून सुतात बोलतात. त्यांचं एक सूत, म्हणजे अष्टमांश इंच, ३१,७५,००० होतं. १२८व्या भागाला मात्र अर्धा नॅनोमीटर उरतो, पण तसं ड्रॉइंग माझ्याकडं आजवर आलेलं नाही. ३२ बिट घेऊ नका, सव्वादोन मीटरच्या आतच भरून जातं.

मूळ आकडा आणि युनिट जसं आलं तसं वेगळ्या रकान्यात जपा. राउंडिंग फक्त दाखवताना करा, दाखवलेला आकडा परत साठवू नका. कोडमध्ये ०.०३९३७ ने गुणणारेही भेटतात. मीटरमागे दोन मायक्रॉन तिथंच गेले. सरळ २५.४ ने भागा.

सिंगल फ्लोट (डबलचा निम्म्या बिटांचा धाकटा भाऊ) तर नकोच. जमिनीच्या मोजणीचं काम असेल तर बघा, बेळगावचं यूटीएम नॉर्दिंग (नकाशाच्या जाळीत विषुववृत्तापासून उत्तरेकडचं अंतर) साडेसतरा लाख मीटरच्या आसपास येतं. तिथं सिंगलची पायरी (लगतच्या दोन आकड्यांमधलं अंतर) साडेबारा सेंटीमीटरची पडते. बांधावरून भांडणारे भाऊभाऊ तेवढ्यावर कोर्टात जातील.

टॉलरन्सचं (मापात चालणाऱ्या फरकाच्या हद्दींचं) राउंडिंग वेगळं असतं, तिथं नेहमीचं चालत नाही. १.२५०० ± ०.०००५ इंच म्हणजे ३१.७३७३ ते ३१.७६२७ मिमी. तीन दशांशाला नेहमीसारखं केलंत तर दोन्ही टोकं हद्दीबाहेर जातात. वरची हद्द खाली ओढून ३१.७६२ करा, खालची वर ढकलून ३१.७३८.