रेडिएशन देण्याआधी रोज स्कॅन कशासाठी काढतात?

आपण विचारले आहे की, वडिलांना घशाच्या कॅन्सरसाठी कोल्हापुरात रेडिएशन सुरू असून रोज मशीनवर झोपवल्यावर आधी स्कॅन काढतात, एकदा तर तो लागोपाठ दोनदा काढला. गाठ वाढली की काय हे त्यात पाहतात का, आणि स्कॅनच्या जादा किरणांचा अपाय होणार नाही का. मी कोल्हापुरातच रेडिओथेरपी टेक्नॉलॉजिस्ट म्हणून काम करते. नातेवाइकांना रोज तोंडी सांगते तेच येथे जरा सविस्तर लिहिते.

हा स्कॅन गाठीचा हिशोब ठेवण्यासाठी नसतो. उपचारापूर्वी मास्क (डोके-मान हलू नये म्हणून चेहऱ्यावर बसवतात तो साचा) घालून जो सीटी स्कॅन झाला, त्यावर डॉक्टर आणि फिजिसिस्ट (किरणांचे गणित मांडणारे तज्ज्ञ) यांनी किरण कोणत्या दिशेने व किती द्यायचे हे ठरवलेले असते, आणि तो सारा आराखडा त्या दिवशी, त्या स्थितीत झोपलेल्या शरीराचा असतो. आज वडील तसेच झोपले आहेत का, एवढेच आम्ही पाहतो. मास्कवरच्या खुणा भिंतीवरून येणाऱ्या लेझरच्या रेषांशी आम्ही आधी जुळवतोच. पण मास्क जुळला म्हणजे आतली मान जुळली असे होत नाही, आणि घशाच्या उपचारात मज्जारज्जू व लाळग्रंथी इतक्या जवळ असतात की गाठीभोवती सुरक्षेसाठी धरलेली जागा बहुधा 3 ते 5 मिलिमीटरचीच असते.

उपचाराचे किरण फार शक्तिशाली असल्याने त्यांनी काढलेल्या चित्रात हाड आणि मांस यांत फारसा फरक दिसत नाही. म्हणून मशीनला काटकोनात एक साधी एक्स-रे ट्यूब व तिच्यासमोर पॅनेल बसवलेले असते, ते साधारण मिनिटभरात रुग्णाभोवती फिरते आणि त्यातून त्रिमितीय चित्र तयार होते. डेव्हिड जाफ्रे व सहकाऱ्यांनी या पद्धतीवरचा महत्त्वाचा शोधनिबंध 2002 मध्ये प्रसिद्ध केला होता.

पुढचे काम पडद्यावरचे. जुना स्कॅन आणि आजचा स्कॅन एकमेकांवर ठेवून आम्ही जबडा आणि मानेचे मणके पाहतो. सगळी मान मिळून 3 मिलिमीटर उजवीकडे असेल, तर बाहेरूनच टेबल तेवढे सरकवता येते. मात्र हनुवटी किंचित वर गेली असेल तर वरचे मणके जुळतात आणि खालचे जुळत नाहीत; हा बाक टेबल कितीही सरकवले तरी निघत नाही, कारण टेबल सरकते तेव्हा सगळा माणूस एकत्रच सरकतो. अशा वेळी आत जाऊन मास्क काढायचा, खांदे खाली घ्यायला सांगायचे, नीट झोपवायचे आणि पुन्हा स्कॅन काढायचा. दोनदा स्कॅन झाला त्यामागे बहुधा हेच कारण असावे.

किरणांविषयी सांगायचे तर डोके-मानेच्या अशा एका स्कॅनचा डोस सामान्यतः काही मिलिग्रे असतो (ग्रे हे शरीरात शोषल्या जाणाऱ्या किरणांचे माप), तर रोजच्या उपचाराचा डोस बहुधा 2 ग्रे, म्हणजे 2000 मिलिग्रे. तरीही तो फुकटचा नाही, कारण स्कॅनचे किरण गाठीबाहेरच्या भागावरही पडतात. म्हणून चित्र कामापुरते स्पष्ट येईल इतकेच ठेवतात. काही ठिकाणी पहिले काही दिवस रोज आणि नंतर आठवड्यातून एकदा स्कॅन करतात. रोज एकाच दिशेला चूक येत असेल तर ती सुरुवातीलाच पकडणे सर्वांत महत्त्वाचे असते. कधी इकडे, कधी तिकडे होणारी लहान चूक त्यामानाने कमी घातक असते.

ओटीपोटाच्या उपचारात हाडे जुळूनही भागत नाही. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची रुग्ण गगनबावड्याहून एसटीने आली आणि उतरल्याबरोबर लघवीला जाऊन आली, तर रिकाम्या मूत्राशयामुळे गर्भाशयाची जागाच बदललेली दिसते. मग पाणी पाजून थांबवावे लागते आणि बाहेर रांग कुरकुरते.

तुमच्याकडून दोन गोष्टींची मदत होईल. गिळताना दुखते म्हणून जेवण सुटते (आपल्याकडे तिखट बंद केले की अर्धे जेवण तिथेच सुटते), वजन उतरते आणि मास्क सैल होतो. तसे वाटल्यास वडिलांनी लगेच सांगावे, गरज पडल्यास नवा मास्क, नवा सीटी व नवा आराखडा करता येतो. तसेच मास्क बनवताना दाढी किंवा कवळी जशी होती तशीच ठेवावी, मधेच बदल करू नये. गाठीत किती फरक पडला हे मात्र आठवड्याच्या तपासणीत डॉक्टरांनाच विचारावे. आमच्या पडद्यावरचे चित्र त्यासाठी पुरेसे स्पष्ट नसते.