शब्द मोजायचेत ना, मग नीट मोज

अरे लेखका,

तुझा मेल वाचला, मग आठवडी बाजारावरचा लेख वाचला आणि तो स्क्रीनशॉट सगळ्यात शेवटी बघितला. कुठल्याशा वेबसाइटने लेखाला 'अत्यंत कठीण' असा शेरा मारला म्हणून तू इतका तोंड पाडून बसलायस? आधी तेच निस्तरू.

तो स्कोअर म्हणजे फ्लेश रीडिंग ईझ. रुडॉल्फ फ्लेश मूळचे व्हिएन्नाचे, पुढे अमेरिकेत गेले, आणि १९४८ मधे त्यांनी हे सूत्र काढलं, तेही इंग्रजीसाठी. त्यात दोनच गोष्टी जातात, एका वाक्यात सरासरी शब्द किती आणि एका शब्दात सरासरी उच्चारी अक्षरं किती. पहिल्या सरासरीला १.०१५ ने गुणायचं, दुसरीला ८४.६ ने, आणि दोन्ही २०६.८३५ मधून वजा करायचं. शंभरच्या आसपास आलं की सोपं, तीसच्या खाली गेलं की अवघड. आता हे वाक्य घे, 'तो घरासमोरच्या झाडाखालून गेला.' पहिली-दुसरीतलं पोरगं वाचेल. शब्द चार, आणि बोलताना जशी तुटतात तशी अक्षरं मोज, तो, घ-रा-स-मोर-च्या, झा-डा-खा-लून, गे-ला, झाली बारा, म्हणजे शब्दाला तीन. कर गणित. उत्तर येतं उणे ५१! आपल्याकडे समोर, खालून, साठी, च्या हे सगळं शब्दालाच चिकटतं त्यामुळे शब्द लांब होणारच, आणि ते ८४.६ बसवलंय सुटे-सुटे छोटे शब्द वापरणाऱ्या भाषेवर. तेव्हा तो स्कोअर मराठीसाठी बघूच नकोस. आणि तो वाढावा म्हणून 'घरा समोरच्या झाडा खालून' असं तोडून लिहायला लागलास तर मात्र माझ्याशी गाठ आहे. (तू दोन ठिकाणी लिहिलंयस तसं, मी लाल केलंय.)

'शब्दवैविध्य ७१ टक्के', म्हणजे एकूण शब्दांत वेगवेगळे किती, असं जे आलंय त्यावर खूश होऊ नकोस. मशीनला मुलगा, मुलाने, मुलाला, मुलांना हे चार वेगळे शब्द वाटतात, त्यामुळे मराठीत कुणीही श्रीमंतच दिसतो. शिवाय लेख जितका लांब तितका हा टक्का खाली येतो, कारण तेच ते शब्द परत येणारच, म्हणून ५०० शब्दांचं स्फुट आणि ३००० शब्दांचा दिवाळी अंकातला लेख यांची तुलना करायचीच नाही.

मग मोजायचं काय? मला विचारशील तर फक्त स्वतःच्या खोडी. पुरवणीच्या डेस्कवर इतकी वर्षं लोकांचं मॅटर कापलंय ना, प्रत्येकाची खोड वेगळी असते आणि ज्याची त्याला ती कधीच दिसत नाही, मोजून दाखवली की चेहरा बघण्यासारखा होतो. तुझी मी शोधून ठेवलीये. कंट्रोल एफ दाबून 'करण्यात' टाक. नऊ वेळा आलाय, १२०० शब्दांत. 'असून' अकरा वेळा. 'च्या माध्यमातून' चार वेळा. हे तू कुठून उचललंस ते मला माहितीये, प्रेसनोट वाचून वाचून होतं ते, आमच्याकडे नवीन आलेल्या प्रत्येकाचं व्हायचं.

त्या नवातलं एक घेऊ. 'बाजार समितीच्या वतीने शेतकऱ्यांच्या सोयीसाठी पिण्याच्या पाण्याची व्यवस्था करण्यात आलेली आहे.' अकरा शब्द. सरळ कर, 'बाजार समितीने शेतकऱ्यांसाठी प्यायच्या पाण्याची सोय केलीये.' सात. चार शब्द वाचले, छान, पण खरी गंमत पुढेच आहे, वाक्य एवढं उघडं पडल्यावर लगेच विचारावंसं वाटतं की म्हणजे केलंय काय नेमकं? माठ ठेवलेत, टाकी आहे, नळ आहे, त्याला पाणी येतं का, ग्लास साखळीने बांधलाय का? तू तिथे दिवसभर होतास, तुला माहीत असणार, आणि लेखात त्यातलं काहीच नाही. 'करण्यात आलेली आहे' मधे ते सगळं लपून गेलं. वाचलेल्या चार शब्दांत ते लिही. नऊच्या नऊ ठिकाणी असंच करून बघ, दोन-तीन ठिकाणी लक्षात येईल की सांगण्यासारखं काही नव्हतंच, ती वाक्यं काढून टाक.

शोधताना एक काळजी घे, 'पण' टाकलास तर 'आपण' पण सापडेल आणि 'पणती' पण, 'तर' टाकलास तर 'नंतर' आणि 'उत्तर' येतील, म्हणून मागेपुढे स्पेस देऊन शोध, नाहीतर आकडा बघून उगाच घाबरशील.

दुसरं, वाक्यांची लांबी. सरासरी नको, सरासरी काही सांगत नाही. एकेका वाक्याचे शब्द मोज आणि समासात लिहीत जा. तुझ्या दुसऱ्या परिच्छेदात मी मोजले, १४, १५, १३, १५, १४. म्हणून तो परिच्छेद वाचताना डोळे मिटायला लागतात, मजकूर वाईट नाहीये. त्याच्याखाली ती मिरचीवाली आजी भाव करते तिथे ४, २६, ९, ३ असे आकडे आहेत आणि तिथे मी हसले. आकडे वरखाली व्हावेत म्हणून मुद्दाम वाक्यं तोडत बसू नकोस हं, कळतं ते लगेच. एकसारखे आकडे दिसले की तो परिच्छेद मोठ्याने वाच, कुठे श्वास अडतो ते तुझं तुलाच कळेल. आपलं क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे ३५ शब्दांच्या वाक्यात वाचक कोण काय करणार याची वाट बघत ताटकळत राहतो. हे काम मशीनवर सोडायचं असेल तर एवढं लक्षात ठेव की ते टिंब दिसलं की वाक्य संपलं समजतं, 'डॉ.' आणि 'रु.' ला सुद्धा, आणि तू व्हॉइस टायपिंगने केलेल्या भागात टिंबंच नाहीत, तिथे तुझं एक वाक्य १८० शब्दांचं निघालं :)

रोज १००० शब्द लिहू का असं विचारलंयस. पहिला खर्डा चालू असेल तोवर लिही की, काय बिघडतं. नोव्हेंबरात महिनाभरात ५०,००० शब्द लिहायचं ते नॅनोरायमोचं खूळ १९९९ मधे अमेरिकेत सुरू झालं, त्यात रोजचे सोळाशे सदुसष्ट पडायचे, आणि पुष्कळांची बैठक तयार झाली त्यातून. पण दुरुस्ती करायच्या दिवशी तोच आकडा डोळ्यासमोर ठेवलास तर कापवणार नाही. ज्या दिवशी तीनशे शब्द कमी झाले तो दिवस वाया गेला असं वाटणारे लोक मी पाहिलेत, त्यांचे लेख आम्हाला कापावे लागायचे.

आणि शब्दमर्यादा पाळ रे बाबा. ७०० म्हणजे ७००, तू १२०० पाठवलेस. ऐनवेळी जाहिरात येते, पानावरची जागा कमी होते, सब-एडिटरकडे वेळ नसतो, तो खालून कापतो, आणि तुझं सगळ्यात चांगलं म्हणजे त्या आजीचं शेवटचं वाक्य अगदी तळाला आहे. ती आजी वर घे. पहिला परिच्छेद, तो 'भारत हा कृषिप्रधान देश असून' वाला, अख्खा काढ, तिथेच ९० शब्द सुटतात.

फॉर्मवर 'परिचय ५०० कॅरेक्टरमधे' असं असेल तर ते शब्द नव्हेत आणि अक्षरंही नव्हेत, मात्रा आणि हलन्त वेगळे धरतात बहुतेक ठिकाणी, 'स्त्री' एवढ्याचे सहा होतात. तेव्हा थोडं कमीच लिही.

पुढचा खर्डा रविवारपर्यंत पाठव, आणि युनिकोडमधे पाठव. मागचा तू जुन्या फॉन्टमधे टाइप केलेला होता, माझ्याकडे नुसती इंग्रजी चिन्हं उमटली आणि त्यात 'करण्यात' शोधून सापडेना, शेवटी कन्व्हर्टरमधून काढावा लागला आणि सगळ्या रफारांची वाट लागली.

तुझी,
ताई