आमचा ससा हृदयविकाराने गेला. आधी कळू शकलं असतं का?

बहुधा नाही. हे तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाहीये, कारणं खाली देतो.

तुम्ही लिहिलंय की ससा सात वर्षांचा होता. दोन दिवस पाला निवडून निवडून खात होता, तिसऱ्या दिवशी पहाटे मान वर ताणून तोंडाने श्वास घ्यायला लागला, आणि दवाखान्यात ऑक्सिजन लावेपर्यंत संपलं. एक्स-रेत हृदय मोठं आणि छातीत पाणी दिसलं. आमचा ससा ढब्बूही याच दुखण्याने गेला. फरक एवढाच, की त्याचं दुखणं आधी सापडलं आणि काही महिने तो औषधांवर नीट जगला. मी डॉक्टर नाही. नाशिकला इंदिरानगरात राहतो, आणि त्या काही महिन्यांत जे शिकावं लागलं ते सांगतो.

ढब्बूचं सापडलं तेही दातांमुळे. पुढचे दात वाढल्यासारखे वाटले म्हणून दाखवायला नेला होता. डॉक्टरांनी सवयीने छातीला नळी लावली, आणि ती बराच वेळ काढलीच नाही. सशाचं हृदय मिनिटाला साधारण 180 ते 250 वेळा धडधडतं, घाबरला की त्याहून जास्त. एवढ्या वेगात दोन ठोक्यांमधला बारीक घरघराट ऐकू येणं हे कानाचं आणि नशिबाचं काम. दात ठीक होते.

आता, घरच्या माणसाला का कळत नाही? एक तर ससा हा दुसऱ्याचं भक्ष्य असलेला प्राणी. आजारी दिसला की मेला, म्हणून शेवटपर्यंत दाखवतच नाही. दुसरं, हृदय थकलेल्या कुत्र्याला खोकला येतो, जिना चढताना धाप लागते. ससा सहसा खोकत नाही, आणि त्याला जिना चढायचा नसतो. दिवसभर सोफ्याखाली पसरलेला ससा आळशी आहे की थकलाय, हे कोण सांगणार? पहिलं दिसतं ते खाणं कमी झालेलं, आणि त्यावर सगळे पोटाकडेच बघतात. ते बरोबरही आहे, कारण बऱ्याच वेळा ससा पोटाचंच कारण काढून बसलेला असतो.

आणि तोंडाने श्वास. ससा नाकानेच श्वास घेणारा प्राणी आहे. त्याने तोंड उघडलं म्हणजे बहुधा फुप्फुसांत किंवा छातीत जागाच उरलेली नसते. त्याची छाती मुळात पोटाच्या मानाने अगदी लहान. तुम्ही ज्या पहाटे ते पाहिलंत तेव्हा गाडी कितीही जोरात हाकली असती तरी फारसा फरक पडला नसता, असं मला वाटतं.

एक लक्षण मात्र आहे, ते लक्षात ठेवा: दोन्ही डोळे एकदम बाहेर आल्यासारखे दिसणं, विशेषतः डोकं खाली केल्यावर. रक्त हृदयाकडे परतताना तुंबलं की डोळ्यांमागच्या शिरा फुगतात. पण हेच छातीतल्या थायमस ग्रंथीच्या गाठीनेही होतं. सशात ही ग्रंथी मोठेपणीही हृदयाच्या पुढ्यात टिकून असते, आणि एक्स-रेत हृदय आहे त्याहून मोठं भासवते. छातीत पाणी असलं तर हृदयाची कडा पुसलीच जाते. म्हणून तुमच्या डॉक्टरांनी हृदय म्हटलं ते बहुतेक खरं असलं, तरी पक्कं सांगायला सोनोग्राफी लागते. किंवा शवविच्छेदन. त्यासाठी देह फ्रीजमध्ये ठेवायचा असतो, फ्रीजरमध्ये नाही. आता तुमच्या उपयोगाचं नाही, पण वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या असेल.

आमची सोनोग्राफी मुंबईला झाली. इथे गायी-म्हशी, कुत्री-मांजरी बघणारे चांगले डॉक्टर आहेत, पण सशाच्या हृदयाची सोनोग्राफी करणारं आम्हाला कुणी मिळालं नाही. एप्रिल महिना, दिवसा नेणं म्हणजे वाटेतच मारणं. रात्री निघालो, करंड्यात त्याच्या नेहमीच्या गोणपाटाचा तुकडा आणि सोबत शेवंती, ही त्याची जोडीदारीण. तिला फक्त धीर द्यायला नेलं. कसारा घाटात ट्रकच्या भोंग्यांना तो दचकायचा आणि ती त्याच्या अंगावर चढून बसायची. तपासणीत कळलं, हृदयाच्या भिंती पातळ होऊन कप्पे फुगलेत.

औषधं माणसांचीच आणि कुत्र्यांची: पाणी उतरवायला फ्युरोसेमाइड, हृदयाचा जोर वाढवायला पिमोबेन्डान, रक्तवाहिन्या सैल करायला बेनाझेप्रिल. सशांवर स्वतंत्र अभ्यास फार थोडा झालाय, डोस बराचसा कुत्र्या-मांजरांवरून बेतलेला असतो. म्हणून कृपा करून कुणी हे वाचून स्वतः गोळी अर्धी करून देऊ नका. शिवाय पाणी उतरवण्याच्या गोळीने आतडं कोरडं पडतं, आणि आतडं थांबलं की ससा हृदयाच्या आधी त्यानेच जातो. आम्ही पाला पाणी निथळू न देता ओलाच टाकायचो, आणि नळीच्या बाटलीऐवजी जड मातीचं भांडं ठेवलं. भांड्यातून ससे जास्त पितात. गोळीची पूड द्राक्षाला चीर पाडून आत. नाशिककर ससा, तो द्राक्षाला नाही म्हणेल होय!

या काळात सगळ्यात उपयोगी ठरली ती श्वासांची मोजणी. ससा निवांत पडलेला असताना कुशीची हालचाल 15 सेकंद मोजायची, चारने गुणायचं. मिनिटाला 30 ते 60 ठीक. नाक मोजायचं नाही, ते वास घेण्यासाठी वेगळंच फुरफुरत असतं, कुशीच बघायची. झोपेतला आकडा रोजच्यापेक्षा वर राहू लागला की डॉक्टरांना फोन. दुसरं, आठवड्यातून एकदा वजन. केसांखाली हाडं कधी लागू लागली ते हाताला कळत नाही, काट्याला कळतं.

नाशिक थंड हवेचं म्हणून आपण मिरवतो, पण उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतोच, आणि सशाला 30 अंशांच्या वर जाच व्हायला लागतो. त्याला घाम येत नाही, अंगातली उष्णता कानांवाटे बाहेर जाते. शहाबादी फरशीचा एक तुकडा पाण्याने पुसून पंख्याच्या वाटेत ठेवायचा. कान ओल्या हाताने पुसायचे, अंग भिजवायचं नाही. आणि आवाज! आपल्याकडचे ढोल मलाही आवडतात, पण गणपतीच्या मिरवणुकीला ढब्बू आतल्या खोलीत, दारं बंद, आणि मी शेजारी. ससा नुसत्या भीतीनेही दगावू शकतो, आजारी हृदयाचा तर नक्कीच. त्याला लाडाने पाठीवर उताणा झोपवणारे व्हिडिओ बघतो तेव्हा संताप येतो. तो शांत झालेला नसतो, भीतीने गोठलेला असतो.

गेला तो रात्री, शेवंतीजवळ. मखमलाबादला मित्राचा द्राक्षमळा आहे, तिथे बांधाच्या कडेला खोल खड्डा घेतला, कुत्री उकरणार नाहीत इतका. गोदावरीत सोडा म्हणून सुचवणारे भेटले. तिला आधीच पुरेसं आहे. “ससाच तर होता” म्हणणारेही भेटतील, तुम्हाला भेटलेच आहेत असं दिसतं. त्यांना समजावत बसू नका, वेळ वाया जातो.

आता तुमचा दुसरा प्रश्न, मागे राहिलेल्या मादीचं काय. आम्ही ढब्बूला नेण्याआधी शेवंतीजवळ बराच वेळ तसाच राहू दिला. तिने हुंगलं, कान चाटले, ओढून पाहिलं, मग बाजूला जाऊन बसली. असं केलं की मागे राहिलेला ससा शोधत फिरत नाही, असं बरेच पाळणारे सांगतात. आमचा अनुभवही तोच. तुम्हाला तेवढा वेळ मिळाला नाही, तर त्याच्या वासाचं गोणपाट, चादर इतक्यात धुऊ नका.

खाण्यावर मात्र डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. बारा तास काहीच खाल्लं नाही, लेंड्या बारीक किंवा बंद झाल्या, तर दुःख आहे म्हणून थांबायचं नाही, थेट दवाखाना. आवडीचं समोर धरा: कोथिंबीर, दूर्वा. बाजारात मिळणारा लसूणघास थोडाच, मोठ्या सशाला त्यातलं कॅल्शियम जास्त होतं. ती चार वर्षांच्या पुढची असेल आणि गर्भाशय काढलेलं नसेल, तर तेही एकदा डॉक्टरांना विचारा. अशा माद्यांत गर्भाशयाचा कर्करोग बऱ्यापैकी आढळतो. छातीही ऐकवून घ्या.

नवा जोडीदार लगेच आणू नका. दोन-तीन आठवडे तिचं खाणं बसू द्या. आणलात तर नराची नसबंदी आधी, ऑपरेशननंतरही काही आठवडे वेगळाच ठेवा, आणि पहिली भेट तिच्या जागेत नको. गच्चीचा कोपरा, बाथरूम, जिथे दोघांपैकी कुणाचाच वास नाही अशी जागा. आम्ही आणला नाही. शेवंतीला माणसं पुरली, तुमची कशी आहे ते तुम्हीच बघा.