‘मुलाची कंपनीत छाप पडत नाही’

तुमचं पत्र वाचलं. मुलगा मेकॅनिकल इंजिनिअर, दीड वर्षापासून चाकणच्या एका कारखान्यात प्रेस शॉपवर, म्हणजे पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या विभागात आहे. ऑपरेटर त्याचं ऐकत नाहीत, म्हणून नोकरी सोडायला लावून त्याला एमबीएला घालावं का, असं तुम्ही विचारलंय.

मला काळजी वाटली ती वेगळ्याच वाक्याची. रोज रात्री फोन करून तुम्ही त्याला विचारता, ‘आज कुणी ऐकलं का?’ हे आजपासून बंद करा. वीस-वीस वर्षं प्रेसवर काढलेल्या माणसांत दिवसभर वावरलेल्या पोराला रात्री तुमच्यापुढेही हिशेब द्यावा लागला, तर तुम्हाला सांगण्यापुरतं काहीतरी हाती लागावं म्हणून तो उद्या आवाज चढवेल. लाइनवर एकदा असं झालं की ते निस्तरायला महिने जातात.

एमबीएच्या प्रवेश परीक्षा, म्हणजे कॅट आणि राज्याची सीईटी, दरवर्षी होतात, अनुभव पुढे उपयोगीच पडतो. घाई नको.

‘पद मिळालं की लोक ऐकतात’ हा तुमचा समज मात्र साफ चुकीचा आहे. पदाला लोक तोंडावर ‘हो साहेब’ म्हणतात आणि पाठ फिरली की आपल्याच पद्धतीने काम करतात. कुणी, काय, कधीपासून करायचं हे आधी मुलाच्या मनात पक्कं हवं. ‘सगळ्यांनी माझं ऐकावं’ यातून कुणालाच काही करता येत नाही. ‘डाय (प्रेसमधला साचा) बदलायचा वेळ कमी करा’ हेही अर्धवटच. ‘सोमवारपासून पहिल्या पाळीच्या सेटरने प्रेस थांबण्याआधीच पुढची डाय, बोल्ट, पाने जवळ आणून ठेवावेत’ (सेटर म्हणजे प्रेसवर डाय बसवणारा कामगार) असं असेल तर ते करता येतं आणि झालं की नाही ते दिसतंही. टोयोटात 1969 मध्ये शिगेओ शिंगो या जपानी उत्पादनतज्ज्ञांनी हजार टनी प्रेसचं डाय बदलण्याचं चार तासांचं काम आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणलं. प्रेस चालू असताना उरकता येणारी कामं प्रेस थांबवून करायची नाहीत, हा त्याचा पाया होता.

मुलाने त्या सेटरला बाजूला घेऊन विचारावं, ‘असं करायचं तर अडचण काय येईल?’ कदाचित कळेल की ट्रॉली मोकळी नसते, किंवा डाय जिथून मिळतात त्या टूल रूममधून डायच वेळेवर निघत नाही. मग सेटरच्या मागे लागण्यात अर्थ नाही. गाठायला हवा टूल रूमचा सुपरवायझर. त्याच्याकडे जाताना आठवड्याच्या नोंदी हातात असाव्यात: कोणती डाय किती वाजता मागितली आणि किती वाजता आली.