शेतात मोहोर सापडली, कसाला लावू का?

प्रश्न : आमचं रान मोहोळ तालुक्यात, सीना नदीच्या काठाला. मेहुण्यानं ऑनलाइन मागवलेलं मेटल डिटेक्टर घेऊन फिरताना बांधाजवळ वीतभर खोलीवर एक जाडसर पिवळं नाणं मिळालं. सोनाराच्या काट्यावर १०.९१ ग्रॅम भरलं. दोन्ही बाजूंनी उर्दूसारखी अक्षरं आहेत. सोनार म्हणतो, कसाला लावून बघू. लावू का?

उत्तर : अजिबात नको. कसोटीवर घासलेली कड परत येत नाही, आणि संग्राहकाची नजर सगळ्यात आधी तिथंच जाते. चिंच, लिंबू, राख यांचाही हात लावू नका. माती ओली असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवून आपोआप सुटू द्या.

वजन मात्र आशा वाढवणारं आहे. मोगलांची सोन्याची मोहोर साधारण याच वजनाची असते, आणि ती लिपी उर्दू नव्हे, फारसी. पण वजन नकली करणाऱ्यालाही जुळवता येतं, म्हणून घनता काढा. ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवा आणि काटा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्यानं पाण्यात पूर्ण बुडवून लोंबतं धरा. तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका, बुडबुडा चिकटला तर झटका. आता काटा जो आकडा दाखवेल त्यानं १०.९१ ला भागायचं. मोगलांचं सोनं जवळजवळ शुद्ध, त्यामुळे ०.५७-०.५८ दिसायला हवं. भागाकार १९ च्या आगेमागे येतो. पितळ असेल तर काटा १.२८ च्या आसपास जाईल. दोन-तीनदा करून बघा, एकदा केलेल्या मोजणीवर माझाही विश्वास नसतो. टंगस्टनची घनता सोन्याइतकीच, म्हणून एवढ्यावर थांबता येत नाही. सराफाकडच्या कॅरेटोमीटरवर नाणं न घासता वरच्या थराचा कस कळतो. मात्र मशीन सोनं सांगतं, नाणं खरं की खोटं ते सांगत नाही.

ते भिंगाला विचारायचं. ठोकलेल्या नाण्यात अक्षरांच्या कडा धारदार असतात, ओतलेल्यात त्या साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत होतात, खोलगट जागी सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतात आणि कडेला साच्याची रेघ राहते. मग मजकूर. औरंगजेबाच्या नाण्यांवर एक फारसी बैत, म्हणजे दोन ओळींचा शेर, असते. सोन्याच्या मोहोरेवर तिच्यात ‘मेहर’ म्हणजे सूर्य हा शब्द येतो आणि चांदीच्या रुपयावर ‘बद्र’, म्हणजे पूर्णचंद्र. सोन्याचा मुलामा दिलेला रुपया इथंच पकडला जातो. पिवळ्या नाण्यावर ‘बद्र’ दिसलं की पुढं बघायचं कारण नाही. शिवाय रुपया साडेअकरा ग्रॅमच्या आसपास भरतो. हिजरी सन आणि राज्यवर्ष, म्हणजे बादशहा गादीवर आल्यापासूनचं वर्ष, हेही जुळलं पाहिजे. ११०८ हिजरी असेल तर सोबत ४० किंवा ४१ हवं, २५ असेल तर बनवणाऱ्याला गणित येत नव्हतं.

अशी मोहोर आपल्याकडे मिळण्यात नवल नाही. औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ या काळात भीमेकाठी ब्रह्मपुरीला, मंगळवेढ्याजवळ होती, आणि खुद्द सोलापुरातही त्याची टांकसाळ होती. टांकसाळीच्या ओळीत ‘शोलापूर’ निघालं तर मला फोटो नक्की पाठवा. दोन्ही बाजू, कड आणि शेजारी पट्टी.

प्रश्न : (त्याच पत्रातून) नाणं मेहुण्याला मिळालं, रान माझं. मग मालक कोण?

उत्तर : सध्या दोघंही नाही. १८७८ चा निखात निधी कायदा, म्हणजे जमिनीत सापडलेल्या धनाचा कायदा, आजही लागू आहे. जमिनीत दडवलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली की ती सापडणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायची : काय सापडलं, अंदाजे किंमत किती, कुठं, कोणत्या तारखेला. नाणं सरकारी कोषागारात जमा करायचं किंवा मागतील तेव्हा हजर करण्याची हमी द्यायची. रीतसर चौकशीनंतर ते शंभर वर्षांहून जुनं, बेवारस ठरलं आणि तुमच्यात वेगळा करार नसला, तर तीन चतुर्थांश मेहुण्याचं, एक चतुर्थांश तुमचं. सरकारला नाणं हवं असेल तर धातूच्या किमतीवर आणखी एक पंचमांश देऊन ते घेता येतं. न कळवलं तर मेहुण्याचा वाटा जातो आणि वर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. सातबारा तुमच्या नावावर आहे आणि तुम्ही लपवायला मदत केली तर तुम्हीही त्यात येता. म्हणून बांधावर भांडण्याआधी अर्ज लिहा. खड्डा तसाच ठेवा, आणखी खणू नका. नाणं कुठल्या थरात होतं ही माहिती एकदा उकरली की गेली.

प्रश्न : बांधकामावरचा एक मजूर म्हणतो, पाया खणताना मडकंभर सोन्याची नाणी निघाली. एक नाणं तपासायला दिलं, सराफानं खरं सांगितलं. बाकीची निम्म्या भावात देतो म्हणतो.

उत्तर : ते एकच खरं आहे. बाकीचं मडकं पितळेचं. ही युक्ती इतकी जुनी आहे की आता तिलाच पुरातत्त्वात जमा करावं. माझ्या टेबलावर असाच एक ‘शिवराई होन’ पेपरवेट म्हणून पडलाय. एका वाचकानं असे तीस घेतले होते. अस्सल होन पावणेतीन ग्रॅमच्या घरात, आणि मुळात इतका दुर्मीळ की मडक्यातून निघण्याची बातमी आधी वर्तमानपत्रात येईल. माझा पेपरवेट सहा ग्रॅमचा. पोलिसांना कळवा, आणि तोवर त्याच्याशी एकट्यानं भेटू नका.

प्रश्न : किल्ल्याच्या परिसरात डिटेक्टर फिरवलं तर चालेल का? आमच्या काळ्या रानात मशीन उगाच सारखं ओरडतं.

उत्तर : भुईकोट असो की एखादं जुनं देऊळ, संरक्षित स्मारकाच्या आवारात परवानगीशिवाय खणणं गुन्हा आहे. तिकडं मशीन नेऊच नका. ओरडण्याचं म्हणाल तर आपली काळी माती बसाल्टची झीज, तिच्यात लोहखनिज भरपूर. ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीतल्या खनिजाकडे मशीननं दुर्लक्ष करावं अशी जुळणी, त्या जागेवरच करून घ्या, सेन्सिटिव्हिटी थोडी उतरवा. तरीही बहुतेक वेळा नांगराचा तुटका फाळ, बैलाच्या पायाची नाल नाहीतर गुटख्याच्या पुडीचा चकाकता कागद निघेल.

प्रश्न : आजीच्या माळेतल्या पुतळ्या खऱ्या व्हेनिसच्या असतील का?

उत्तर : पुतळी हे नाणं मुळात व्हेनिसचं डुकॅट, सुमारे साडेतीन ग्रॅम, जवळजवळ शुद्ध सोन्याचं. एका बाजूला संत मार्कसमोर गुडघे टेकलेला तिथला राज्यप्रमुख, दुसरीकडे चांदण्यांच्या लंबगोलात येशू. आपल्याकडच्या सोनारांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यावरून नकला पाडल्या, त्यामुळे माळेत बहुधा नकलाच असतात. सोनं मात्र त्यांतही असतं. भिंगातून कडेची अक्षरं बघा. अस्सल नाण्यावर रोमन अक्षरं वाचता येतात, नकलेवर ती काडेपेटीतल्या काड्या सांडल्यासारखी दिसतात. माळेतली एखादी वाचता आली, तर तिची कडी सोडवायला सोनाराकडे नेऊ नका. माळ तशीच ठेवून फोटो काढा.